फोनमधली सोमी

माझ्या फोनवर रोज सकाळी नऊ वाजता कुणाच्या तरी तब्येतीची चौकशी व्हायची. बाईचा गोड आवाज आहे, पण बाई नाही, यंत्र आहे. ते म्हणतं, "नमस्कार. आज आपण रक्तदाबाची गोळी घेतली का? घेतली असल्यास एक दाबा. घेतली नसल्यास दोन दाबा." त्याआधी नाव सांगतं. सोमवारी बुधी, मंगळवारी हिरूबाबा, गुरुवारी सोमी. अशी एकतीस नावं होती. नंबर सगळ्यांना एकच, माझा. घरात मी एकटी असते. कधीकधी दिवसभरात माझ्या घरात बोललेला पहिला आवाज तोच असायचा, आणि चौकशी दुसऱ्याची असायची.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी काम सांगावं लागेल.

मी आशा कार्यकर्ती आहे. कडावच्या पलीकडे माझं गाव, आणि डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी वाडी. कागदावर तिला नाव आहे, आम्ही वरची वाडी म्हणतो. दोन्ही माझ्याकडे. लोकांना वाटतं आशा म्हणजे बाळंतपणं आणि पोलिओचे डोस. सुरुवातीला होतंही तसंच. मग बीपी आणि शुगर आली. हातात मशीन आलं, फोन आला, फोनमध्ये ॲप आलं. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म भरायचा, दंडाला पट्टा बांधायचा, बोटाला सुई टोचायची, कंबर मोजायची. कंबर मोजायला माझ्याकडे शिंप्याची टेप आहे. पहिल्या महिन्यात वाडीतल्या चौघीजणी मला पोलक्याची मापं देऊन मोकळ्या झाल्या.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, आठवड्यातून अडीच तास तरी व्यायाम करता का? डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरून आलेल्या बाईला मी तो विचारला आहे. ती म्हणाली, "म्हंजे कसला?" मी हात वर-खाली करून दाखवले. ती हसून खाली बसली. मी "हो" लिहिलं.

गरोदर बाई दिसते. ताप हाताला लागतो. बीपी दिसत नाही, दुखत नाही, म्हणून ते आहे असं सांगणारी बाईच खोटी वाटते. गावात दुधाचा धंदा करणारे तुकादादा आहेत. तीन महिने गोळी घेतली, बीपी जागेवर आलं, त्यांनी गोळी बंद केली.

"मशीन बरोबर हाय म्हनतंय ना? मग?"

"गोळी घेताय म्हणून बरोबर आहे, दादा."

"पाऊस थांबला की छत्री मिटतात का नाय?"

"तुमचा पाऊस थांबलेला नाय. तुमी छत्रीखाली उभे हाय, म्हणून कोरडे हाय."

त्यांनी म्हशीकडे बघितलं, जणू तिचं मत विचारताहेत. तेव्हापासून घेतात. पण मी दिसले की डोक्यावर छत्री धरल्यासारखा हात करतात.

ॲपला प्रत्येक माणसाचा मोबाइल नंबर लागतो. त्या नंबरावर आकडे येतात, ते आकडे टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. वाडीत तेव्हा फोन दोन-तीन, तेही पुरुषांकडे, पुरुष सकाळी कामाला खाली उतरलेले. म्हाताऱ्यांकडे फोन कुठून असणार? मी पहिल्या दिवशी एका आजीच्या फॉर्ममध्ये माझा नंबर टाकला. फॉर्म गेला. मग दुसरा टाकला. मला काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही. काम पुढं गेलं, एवढंच.

फॉर्म भरले तरी ते पाठवायला रेंज लागते. वाडीत रेंज एकाच ठिकाणी येते, सगळ्यात वरच्या घराच्या पुढच्या मेढीजवळ, म्हणजे छपराच्या लाकडी खांबाजवळ. ते घर सोमीचं. मेढीला पाठ टेकून फोन उंच धरला की एक काडी दिसते आणि फॉर्म एकेक करून जातात. एक फॉर्म जायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ सोमीच्या अंगणात गेला.

सोमी माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल, तिलाही नक्की माहीत नाही. नवरा गेलेला, मुलगा आणि कमळी नावाची सून. बोलण्यात धार. पहिल्यांदा बीपी घेतलं तेव्हा मशीनचा आकडा बघून मीच दचकले. पुन्हा घेतलं. तोच.

"किती हाय?" सोमीनं विचारलं.

"जास्त आहे."

"मंग बरा हाय की. आमचा सगला कमीच असतो."

पट्टा मात्र तिला आवडायचा. हवा भरून दंड आवळला गेला की डोळे मिटायची. मी एकदा विचारलं, दुखतं का? म्हणाली, "नाय गं. कोनी दंड धरल्यावानी वाटतं. अजून एकदा लाव." बीपी दोनदा घ्यायचंच असतं, त्यामुळं मी काही नियमाबाहेर केलं नाही.

माझा नवरा खोपोलीच्या कारखान्यात होता. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी नाशिकला, रविवारी फोन करते, तिच्या मागे तिचं घर आहे. एका माणसाचा भात नीट होत नाही, हे मी कुणालाही सांगू शकते. एक तर करपतो, नाही तर पेज होते. दोन माणसांचा करून उरलेला सकाळी परतायचा, हा उपाय. सोमीकडे गेले की ती नाचणीची भाकरी पुढं करायची आणि मी "जेवून आले" म्हणायचे. ती म्हणायची, "रोज जेवून येतेस, मंग वाळतेस कशी?" दोघी आपापल्या घरी एकट्या होतो असं नाही. तिच्याकडे माणसं होती. पण फॉर्म जाईपर्यंत अर्धा तास आम्ही दोघी त्या मेढीजवळ बसायचो, आणि माझ्या आठवड्यातलं खरं बोलणं तेवढंच असायचं.

पुढं ॲपमध्ये ही फोनची सोय आली. प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून एकदा यंत्राचा फोन. एक दाबलं की त्या नावापुढं हिरवा ठिपका. दोन दाबलं की लाल. लाल झालं की उपकेंद्रात दिसतं, कारण विचारलं जातं, आणि माणूस गावाबाहेर गेला असेल तर जिथं गेला तिथल्या आशाला कळवतात, म्हणजे ती गोळ्या पोचवते. चांगली सोय आहे. हे मी आजही म्हणते.

माझ्या एकतीस जणांचे फोन मलाच यायचे. मग मीच दाबायची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गोळ्या मी माझ्या हातानं देत होते, म्हणून दाबताना मनात खळखळ नव्हती. चहा उकळत असायचा, मी एक दाबायची. केस विंचरत असायची, एक दाबायची. महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर सगळ्या गावांचे ठिपके दाखवतात. माझी वाडी हिरवीगार. उपकेंद्रातल्या डॉक्टर मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या, म्हणाल्या, "बघा, डोंगरातली वाडी असून!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही जराशी ताठ बसले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. त्या वर्षी सोमीचा मुलगा आणि कमळी खालापूरकडे, चौक गावाच्या पुढच्या एका भट्टीवर निघाले. सोमीही निघाली. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, "हितं भिंतीशी बोलू का? विटा उलट्या करायला काय ताकद लागतं?" मी तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या. ठरलं असं की महिन्यानं मी तिकडं जाऊन पुढच्या देईन.

महिना झाला. मी उपकेंद्रातून तिच्या गोळ्या आणल्या, रबर लावलं आणि स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याशेजारी ठेवल्या. रविवारी चौकला जायचं. पहिल्या रविवारी पोलिओचा डोस होता. दुसऱ्या रविवारी मुलगी येणार होती, म्हणून मी पुरणाचं केलं, आणि ती आली नाही. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. मी गेले नाही. कर्जतला जायचं, तिथून चौकची गाडी बघायची, भट्टी शोधायची. कंटाळा केला. पुढचे रविवारही तसेच गेले. सोमी नसल्यापासून मला वाडी चढायचाही कंटाळा येत होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दर गुरुवारी फोन यायचा. "सोमी. नमस्कार. आज आपण रक्तदाबाची गोळी घेतली का?" मी मिठाच्या डब्याकडे बघायची आणि एक दाबायची. दोन दाबलं असतं तर लाल ठिपका, लाल ठिपक्याचं कारण, आणि मीटिंगमध्ये माझ्या हिरव्या वाडीत एक डाग. त्यापेक्षा येत्या रविवारी नेऊन देऊ, मग ते खरंच होईल, असा माझा हिशेब. सहा गुरुवार मी एक दाबलं. गोळ्या डब्याशेजारीच.

सातव्या आठवड्यात सकाळी एक अनोळखी नंबर आला. भट्टीच्या मुकादमाचा फोन, पलीकडे कमळी.

"बाई, आत्तीचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत नाय. बोललेला समजत नाय."

"कधीपासून?"

"आता. चहा पीत होती, कप पडला."

"तिला काहीही खायला-प्यायला देऊ नको. पाणीसुद्धा नाही. कुशीवर निजव. एकशे आठला फोन लाव. भगताकडे नेलंत तर मी तिथं येऊन तुमच्या भगताला धरीन."

"मुकादम म्हनतो जरा वाट बगू."

"मुकादमाला फोन दे."

मुकादमाशी मी काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. गाडी आली. सोमीला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी मिळेल त्या गाडीनं कर्जत, तिथून चौक, तिथून पनवेल असं करत दुपारी पोचले. निघताना मी काय उचललं असेल? त्या गोळ्या. का, ते आजही सांगता येत नाही.

सोमी खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले, पण ओळख कळत नव्हती. कमळी पायाशी, साडी विटांच्या मातीनं लाल. तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "बीपीचं औषध चालू होतं?"

कमळी म्हणाली, "संपलं होतं. बाई येनार होती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तिकडच्या आशा ना? रेकॉर्ड आहे का?"

मी फोन दिला. त्यांनी सोमीचं पान उघडलं. हिरवे ठिपके, एकाखाली एक. ते कमळीला जरा चढ्या आवाजात म्हणाले, "इथं तर दर आठवड्याला घेतल्याची नोंद आहे. औषध चालू असून एवढं बीपी असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल. नीट आठवून सांगा, देत होता की नव्हता?"

फोनमध्ये लिहिलंय म्हणजे आपलंच चुकत असेल, असं कमळीच्या तोंडावर दिसायला लागलं. मी ते बघितलं. त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर खोटी कमळी ठरली असती, आणि सोमीला औषध त्या ठिपक्यांवर मिळालं असतं.

मी म्हटलं, "ती खरं सांगते. ते ठिपके माझे आहेत. पेशंटनं साडेसहा आठवडे गोळी खाल्लेली नाही." आणि पिशवीतून रबर लावलेल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

डॉक्टरांनी गोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. लिहायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, मग बाकीच्या तीस जणांचं काय?"

मी आठ दिवस घरोघरी जाऊन गोळ्या मोजल्या. बहुतेकांचं ठीक होतं. तिघांचं नव्हतं. एका आजीनं तर सगळ्या पट्ट्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, आजारी पडल्यावर खायला. तिचेही ठिपके हिरवेच. मीटिंगमध्ये वाडीपुढं लाल दिसलं. शेजारची आशा नेहमी माझ्या बाजूला बसते, त्या दिवशी मध्ये तिची पिशवी होती. कदाचित जड असेल.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ते दर गुरुवारी नेमानं विचारत होतं. चुकीच्या माणसाला विचारत होतं, आणि तो नंबर मीच दिला होता.

सोमी वाचली. तीन आठवड्यांनी वाडीवर आली. उजवा हात गेला तो गेलाच, पाय ओढत चालते. बोलणं हळूहळू आलं, जड जिभेनं. मी गेले. मेढीजवळ बसले, पण फोन काढला नाही. तिला सगळं सांगितलं, दर गुरुवारचं. किती समजेल माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाली,

"म्हंजे फोनात एक सोमी हाय. ती रोज गोली खातं."

"हो."

"तिचा हात बरा हाय का गं?"

कमळी चुलीजवळून म्हणाली, "आत्ती, पुरे." सोमी म्हणाली, "का पुरे? ती तिकडं मजेत हाय. भाकरी तरी थापायला पाठव तिला." आणि वाकड्या तोंडानं हसली. मला तिनं माफ केलं असं कुणी समजू नये. तशी ती बाई नाही. पुढचे दोन महिने ती दर भेटीत फोनातल्या सोमीची खुशाली विचारायची. मी सांगायची, बरी आहे. काय करणार, ते मला सोसायलाच पाहिजे होतं.

दरम्यान ॲप बदललं. आता एका नंबरावर पाचच नावं चालतात. मी एकेकाला नंबर शोधले. कुणाच्या पुतण्याचा, कुणाच्या शेजाऱ्याचा. ज्यांना कुणीच नाही असे पाच जण माझ्या नंबरावर उरले. कमळीनं भट्टीवरून येताना बटणांचा जुना फोन आणला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच मेढीला टांगलेला असतो, कारण रेंज तिथंच. सोमीचा फोन आता तिथं वाजतो. मी सोमीला पट्टीवर प्रत्येक वाराचा वेगळा रंग लावून गोळ्या देते. कमळी त्या तिच्या डाव्या हातात ठेवते.

एका मंगळवारी मी सोमीचं बीपी घेतलं, चांगलं आलं. पट्टा सोडवत होते तर ती म्हणाली, "तुजा कोन बगतो?"

"माझं काय बघायचं?"

"मशीन तुजा. लाव की. कमळे, लाव तिच्या दंडाला."

कमळीनं पट्टा बांधला, उलटा. मी सरळ करून घेतला. सोमीनं डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं. पट्टा फुगला, दंड आवळला. सोमी म्हणायची ते खरं होतं. कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. मी दुसरीकडे बघितलं.

"किती हाय?" सोमी म्हणाली.

मी आकडा वाचला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याला त्याच दिवशी उपकेंद्रात धाडलं असतं. "जास्त आहे."

"मंग बरा हाय की," सोमी म्हणाली.

इतकी वर्षं सगळ्यांचे फॉर्म भरले, माझा भरला नव्हता. तिथंच बसून भरायला घेतला. तंबाखू नाही. कंबर मोजली. व्यायाम, हो. मोबाइल नंबर टाकला आणि खाली लाल अक्षरं आली. या नंबरावर पाच नावं झाली आहेत, दुसरा नंबर द्या. माझाच नंबर, आणि त्यावर मला जागा नव्हती. मुलीचा टाकावा असं मनात आलं. मग तिला आठवड्याला फोन जाणार, ती कामात असणार, घाबरणार, नाही तर माझ्यासारखी चहा उकळताना एक दाबणार. मी फोन हातात धरून बसले.

कमळी म्हणाली, "काय झालं?"

मी सांगितलं.

"मंग माजा टाका की. आमच्या नावाला तुमी तुमचा टाकला होता ना."

"अगं, मी गावात, तू इथं. गोळी घेतली का नाही तुला काय कळणार?"

सोमी म्हणाली, "इचारील. तुज्यावानी नाय करनार."

मी कमळीचा नंबर टाकला. मेढीवर पिशवी वाजली, आकडे आले, फॉर्म गेला. त्या दिवशी पहिल्याच झटक्यात गेला. उपकेंद्रात मॅडमनी तपासून गोळी सुरू केली. ती मी मिठाच्या डब्याशेजारी ठेवते.

माझा वार शुक्रवार आला. पहिल्या शुक्रवारी सकाळी मी घाईत होते, चहा गॅसवर, केसात फणी. फोन वाजला. यंत्र असेल म्हणून मी न बघताच उचलला आणि सवयीनं एक दाबलं.

"बाई, ऐका तरी," कमळी ओरडली. रेंजमध्ये उभं राहून ओरडायची तिला सवय आहे. "त्या फोनातल्या बाईनं तुमचं नाव घेतलं. गोळी खाल्ली का म्हनते. मला काय ठावं? म्हनून फोन लावला. ती परत दुपारी इचारनार हाय. काय दाबू?"

मागून जड जिभेचा आवाज आला. "खरा सांगायला सांग तिला."

मी डब्याकडे बघितलं. पट्टीतली शुक्रवारची गोळी जागेवरच होती.

"थांब," मी म्हटलं. "ठेवू नको फोन. आधी खाते."